पहिली लिपी, दुसरी लिपी

नगरच्या आमच्या कन्याशाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, आणि तिथे एबीसीडी एक नव्हती, चार होत्या. पहिली लिपी म्हणजे छापील मोठी अक्षरं. दुसरी छापील लहान. तिसरी आणि चौथी वळणाची, मोठी नि लहान. दहा वर्षांची होते, तरी पहिल्या दोन लिप्या पक्क्या व्हायला मला सबंध सहामाही लागली होती. दुसऱ्या लिपीतल्या बी आणि डीची पोटं कुठल्या बाजूला, यावरून मी वर्गाबाहेर उभी राहिले आहे. पुढे गाझियाबादच्या एका नव्या वसाहतीत तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांना त्याच दोन लिप्या जुलै ते डिसेंबर एवढ्या काळात शिकवायला लागले, तेव्हा मला यातलं काहीच आठवलं नाही.

आम्ही पूर्व दिल्लीत, मयूर विहारच्या सोसायटीत राहत होतो. नवरा केंद्र सरकारच्या कचेरीत, मुलगा दुसरीत. लग्नाआधी मी बालवाडीचा कोर्स केला होता, तो बारा वर्षं ट्रंकेत पडून होता. नव्वदीच्या दशकाची ती मधली वर्षं. यमुनेच्या या बाजूला दर महिन्याला एखादा नवा सेक्टर उगवत होता. मोहरीच्या शेतात अर्धे बांधलेले मजले, त्यांच्यापुढे पाण्याचे टँकर, आणि ज्या घरांना अजून कठडे बसले नव्हते त्यांच्या गच्चीवर डिशच्या मोठ्या थाळ्या. गाजीपूरच्या कोंबडी बाजाराचा वास नाकात घेत शेअर ऑटोतून वीस मिनिटं गेलं की आमची शाळा यायची. शाळा म्हणजे एका बंगल्याचा तळमजला. वरच्या मजल्यावर संचालिका राहायच्या, त्यांना सगळे मॅडम म्हणायचे.

मॅडम वाईट नव्हत्या. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल. त्या वसाहतीत येणारे आईबाप कुठून कुठून आलेले, बँकेतले, एक्स्पोर्टमधले, नव्या परदेशी कंपन्यांतले. त्या सगळ्यांना एकच भीती होती, मोठ्या शाळेचा नर्सरीचा इंटरव्ह्यू. तिथे मुलासमोर अक्षरांची कार्डं मांडतात, मोठ्याशी लहान जुळवायला सांगतात, आणि जमलं नाही तर प्रवेश हुकतो, असं प्रत्येकाने कुणाकडून तरी ऐकलेलं होतं. मॅडम ती भीती ओळखून होत्या. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, की डिसेंबरपर्यंत सव्वीस जोड्या, आणि वर्गात फक्त इंग्लिश. हिंदीसुद्धा नको.

मी खरखरीत पॉलिश पेपर कापून पुठ्ठ्यावर अक्षरं चिकटवली, म्हणजे मुलांना बोट फिरवून बघता येईल. मोठं अक्षर ते आईअक्षर, छोटं ते बाळअक्षर, असा खेळ केला. आईअक्षरं वर्गाच्या एका भिंतीशी, बाळअक्षरं समोरच्या भिंतीशी. एकेका मुलाने एकेक बाळ उचलायचं आणि त्याच्या आईपाशी नेऊन ठेवायचं. मुलांना हा खेळ आवडला. आपल्या अआइईत लहान-मोठं काही नसतं, तेव्हा हा गुंता मुलांपुढे मांडायचा कसा, हे मला माझं मलाच शोधावं लागलं होतं, आणि ते जमलं याचा मला अभिमान होता.

त्या जुलैत एक मुलगी आली. वडील कराडकडचे, नव्याने निघालेल्या टीव्हीच्या कारखान्यात सुपरवायझर. आई चोवीस-पंचवीसची असेल, सातवी शिकलेली, डोक्यावर पदर. फॉर्म भरताना माझ्या हातून खडूंचा डबा पडला आणि तोंडातून निघालं, "अगं बाई." तर त्या आईने मान वर केली. तिचा चेहरा एकदम सैल झाला. गाव सोडून चार महिने झाले होते आणि घराबाहेर कुणाचं मराठी तिच्या कानावर पडलं नव्हतं. तिने मुलीला माझ्यापुढे करून सांगितलं, "ह्या आपल्या बाई. काय लागलं तर ह्यांनाच सांगायचं."

त्या दोघी गेल्यावर मॅडमनी मला वर बोलावलं. एका मुलीशी तिच्या भाषेत बोललात तर बाकीच्यांचे आईबाप काय म्हणतील, असं त्यांनी विचारलं. पण खरं दडपण त्यांचं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी मुलीला सोडायला वडील आले आणि तेही तेच म्हणाले, जरा अडखळत, मराठीत. "मी मीटिंगला मागच्या खुर्चीवर बसतो, बाई. काम मला त्या इंग्लिश बोलणाऱ्या पोरांपेक्षा जास्त येतं. पण तोंड उघडत नाही. घरी आम्ही आहोतच मराठीला. तुम्ही तेवढं हिच्याशी इंग्लिशच बोला." मी हो म्हटलं. त्यांना मराठीत दिलेलं ते उत्तर मुलीने ऐकलं होतं.

मुलगी गप्प नव्हती, उलट बोलकी होती. बेंचवर बसत नसे, माझ्या खुर्चीला टेकून उभी राहायची आणि हळू आवाजात मराठीत बोलत राहायची. गावच्या शेळीला काय झालं, बाबांनी काय आणलं, बेसिनमध्ये गोगलगाय होती. मी दर वेळी हसून म्हणायचे, "इंग्लिश, बेटा." तिला वाटायचं हाही काहीतरी खेळच आहे, ती मान डोलवायची आणि पुढचं वाक्य मराठीतच सांगायची.

अक्षरांत ती हुशार होती. सी, ओ, एस, एक्स, ज्यांची बाळं आईसारखीच दिसतात, ती तिने दोन दिवसांत जुळवली. अडली ती 'जी' या अक्षरापाशी. छोटा जी हातात घेऊन ती मोठ्या जीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग माझ्याकडे येऊन कानात म्हणाली, "हे हिचं बाळ न्हाई." मला हसू आलं. तिचं म्हणणं बरोबर होतं. ए, डी, आर, क्यू, यांच्यात आईबाळाचं काही साम्य नाही. मराठीत मी तिला दोन वाक्यांत समजावू शकले असते, की हे असंच असतं, लक्षात ठेवायचं. मी इंग्लिशमध्ये म्हटलं, "येस, इट इज," आणि तिचा हात धरून कार्ड तिथे ठेवलं. तिने ते उचललं आणि परत बाळअक्षरांच्या भिंतीशी आणून ठेवलं. असं आमचं तीन-चार दिवस चाललं.

मग ती सकाळ आली. ऑगस्टचा शेवट असेल, उकाडा होता, मुलं पाणी खूप पीत होती. मॅडम दोन जोडप्यांना शाळा दाखवत होत्या आणि माझ्या वर्गाच्या दारात उभ्या होत्या. मुलं जोड्या लावत होती. ती मुलगी माझ्याजवळ आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई, मला शू आली."

मी दाराकडे बघितलं. मॅडम बघत होत्या, ती चार माणसंही बघत होती. आणि मी तिला म्हटलं, "व्हॉट? से इट इन इंग्लिश."

तिने पुन्हा सांगितलं. या वेळी जरा हळू. तिला ते इंग्लिश वाक्य माहीत होतं, सगळ्या मुलांकडून मी ते रोज घोकून घेत होते, पण घाईच्या वेळी साडेतीन वर्षांच्या मुलाला घोकलेलं आठवत नाही. मी भुवया वर करून हसत राहिले, जणू कळतच नाही. "आय डोन्ट अंडरस्टँड, बेटा." तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. एखादं कार्ड निरखून बघावं तसं माझं तोंड निरखून पाहिलं. मग तिचे मोजे ओले झाले, फरशीवर पाणी आलं, आणि एका मुलाने बोट दाखवलं. मॅडम त्या आईबापांना म्हणाल्या की नवीन आहे, अजून रुळायचीय. आयाने पुसून घेतलं, तिला दुसरी चड्डी घातली. ती रडली नाही.

मला दोन पावलं टाकून तिला बाथरूमपर्यंत नेता आलं असतं. त्यासाठी कुठलीही भाषा लागत नव्हती. हे मला त्याच दिवशी, घरी जाताना ऑटोत कळलं. घरी मी कुणाला काही सांगितलं नाही.

त्यानंतर ती माझ्या खुर्चीशी आली नाही. बेंचवर बसू लागली. पुटपुटणं थांबलं. पंधरा दिवसांत तिने सव्वीसच्या सव्वीस जोड्या लावल्या, जीसकट, न अडखळता. मॅडम पालकांना तिच्याकडे बोट दाखवून सांगायच्या, बघा, ही जुलैत आली तेव्हा काही येत नव्हतं. मीही तसंच स्वतःला सांगत होते. ती वर्गात अक्षरांच्या नावांशिवाय एक शब्द बोलत नव्हती, हे मला दिसत होतं, आणि मी त्याला शिस्त म्हणत होते.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिची आई शाळेच्या फाटकाशी माझ्यासाठी थांबली. दुपार होती, मुलगी तिचा पदर धरून उभी होती. तिने मुलीला जरा पलीकडे, आयापाशी उभं केलं आणि मग बोलली. मुलगी घरी बोलत नाही. आईने काही विचारलं की ओठांवर बोट ठेवते आणि म्हणते, इंग्लिश प्लीज. बाप घरी असला की त्याच्याशी दोन शब्द बोलते, पण आईशी नाही. बापाला वाटतं ठीक आहे, इंग्लिश चढतंय.

"मला येत न्हाई ना," ती म्हणाली. "म्हणून माझ्याशी बोलायचं बंद केलं तिनं. ताई, मला शिकवता का? फार नको. तिच्यापुरतं."

मी तिला शनिवारी घरी यायला सांगितलं. तेव्हाही खरं कारण बोलले नाही. तिला शिकवून भरपाई होईल असं काहीतरी माझ्या मनात असावं.

पहिले दोन शनिवार ती आली, दोन बस बदलून, मुलीला घेऊन. माझ्या जेवणाच्या टेबलावर दुरेघी वही उघडून बसायची. पहिली लिपी तिला शाळेतली थोडी आठवत होती, दुसरी पार पुसली गेली होती. पेन्सिल इतकी दाबून धरायची की कागद फाटायचा. मुलगी शेजारच्या खुर्चीवर पाय हलवत बसायची. आईने चुकीचं कार्ड उचललं की ती काही न बोलता ते काढून घ्यायची आणि बरोबर कार्ड तिच्या हाताखाली सरकवायची. आईला त्याचं इतकं कौतुक वाटायचं की ती माझ्याकडे बघून हसायची. मला त्या टेबलाशी बसवत नव्हतं. मी सारखी चहा टाकायला उठायचे. शेवटी नवऱ्याने विचारलं की हे काय चाललंय, आणि मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? तिला सांग."

तिसऱ्या शनिवारी मी सांगितलं. माझा मुलगा त्या मुलीला बाल्कनीत कबुतरं दाखवायला घेऊन गेला होता. मी पहिल्यापासून सांगितलं, दारातली माणसं, मी काय म्हटलं, फरशी. ती पेन्सिल धरून ऐकत होती.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

मग ती सावकाश बोलली. त्या दिवशी मुलगी घरी आली ती वेगळी चड्डी घालून. आईने विचारलं, बाईंना सांगितलं नाहीस? तर मुलगी म्हणाली, बाईंना मराठी येत नाही. आई म्हणाली, अगं येतं की, माझ्याशी बोलल्या त्या. तर मुलगी रडायला लागली. "न्हाई येत, न्हाई येत, असं म्हणून हातपाय आपटले तिनं. मला वाटलं, येडी झाली का काय. मी तिलाच रागावले, बाईंविषयी खोटं बोलतीस म्हणून."

एवढं बोलून तिने वही मिटली, पिशवीत घातली, मुलीला हाक मारली. दारात चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "चूक तुमचीच हाय असं न्हाई. आम्हीच सांगितलं हुतं." ती मला चार वाईट शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं. पुढच्या शनिवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

सोमवारी वर्गात मी त्या मुलीच्या बेंचपाशी वाकले आणि मराठीत विचारलं, पाणी हवंय का तुला. आठ-दहा मुलं ऐकत होती. तिने लगेच माझ्याकडे पाहिलं नाही. आधी दाराकडे पाहिलं, तिथे कोण आहे का ते. मग माझ्याकडे वळून तिने ओठांवर बोट ठेवलं. आजही मला त्याचा अर्थ नीट लावता येत नाही. ती मला नियम शिकवत होती, की मला कुणी पकडू नये म्हणून सांभाळत होती?

मी मॅडमकडे वर गेले. शू, शी, तहान आणि दुखणं, एवढ्या चार गोष्टी मूल कुठल्याही भाषेत सांगेल आणि आम्ही त्या ऐकू, एवढंच मागितलं. त्या दिवशी काय झालं होतं तेही सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना आठवत होतं. त्यांना खरोखरच वाटलं होतं की त्या गडबडीत ती काय म्हणतेय ते मला कळलं नसेल. त्यांनी हो म्हटलं, पण पालकांसमोर याची चर्चा नको, हेही म्हटलं. तेवढं मी कबूल केलं. शाळा सोडली नाही. सोडली असती तर गोष्ट सांगायला बरी झाली असती, पण मी तिथे पुढे अकरा वर्षं होते. दर जुलैत पालकांना विचारून एका कागदावर प्रत्येक मुलाचा शब्द लिहून घ्यायचे, घरी हे मूल शूला काय म्हणतं. बंगाल्यांचा वेगळा, मल्याळी घरांतला वेगळा, एका पंजाबी घरात तर आजीने स्वतःच बनवलेला. तो कागद आयाजवळही द्यायचे.

डिसेंबरात मोठ्या शाळेचा इंटरव्ह्यू झाला. वडिलांनी मला येऊन सांगितलं. कार्डं मांडली, मुलीने सगळ्या जोड्या लावल्या, आणखी दोन मुलांचं राहिलेलंही लावून टाकलं. मग तिथल्या बाईंनी नाव विचारलं. ती बोलली नाही. वय विचारलं, कुत्र्याचं चित्र दाखवलं, चॉकलेट दिलं. ती ओठ घट्ट मिटून उभी. यादीत नाव लागलं नाही. वडील माझ्यासमोर खुर्चीवर बसून आपल्या हातांकडे बघत होते. "अक्षरं तर सगळी येत होती," ते म्हणाले, एकदा नव्हे, तीनदा. मी म्हटलं, गावी न्या तिला, जमलं तर महिनाभर. मराठीत बोलू दे, भांडू दे. इंग्लिश कुठे जात नाही. ते उठले तेव्हा मला नमस्कार केला नाही.

जानेवारीत आई तिला घेऊन खरंच गावी गेली. मार्चमध्ये कारखान्याने वडिलांना दुसऱ्या राज्यातल्या युनिटला पाठवलं. सामान बांधून झाल्यावर आई एका सकाळी माझ्या घरी आली. मला वाटलं नव्हतं ती येईल. मुलगी गावी आठव्या दिवशी बोलायला लागली, हे ती मला सांगायला आली होती. शेळ्यांवर ओरडली, म्हणे, आणि मग थांबेचना. आता घरी नुसती बडबड. "तुम्हाला सांगावं वाटलं," ती म्हणाली.

मुलगी उंच झाली होती. मी तिला बेसनाचा लाडू दिला आणि विचारलं, गावाला मज्जा आली का? तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, बोल की बाईंशी, मगाशी बसमध्ये किती बोलत होतीस. मुलीने लाडू दोन्ही हातांत धरला.

"थँक यू, मॅम," ती म्हणाली. स्पष्ट, सुरेख उच्चार, मीच शिकवलेला.

मी पुन्हा मराठीत काहीतरी म्हटलं, दिल्लीला आलात तर या असं. आई हो म्हणाली. मुलगी जिन्यात एक पायरी खाली गेली होती. तिथून ती आईला विचारत होती की बस आता तीच येणार की दुसरी, खिडकी मिळेल का, आणि लाडू आत्ता खाल्ला तर चालेल का. मराठीत, भराभर, कराडच्या हेलात. तिचा आवाज मला खालच्या फाटकापर्यंत ऐकू येत होता.